फ्लॉवरचा फ्राइड राइस: सातव्या शुक्रवारी जमला

स्वयंपाकातला एकच पदार्थ मला भरवशाचा जमतो, फ्राइड राइस. बाकी सगळं मी 'मदत' या सदरात करतो, म्हणजे कांदा चिरतो आणि मध्ये मध्ये लुडबुडतो. पण शुक्रवारी रात्री कढई माझी. आदल्या दिवशीचा गार भात, फणफणीत आच, अंडं, पातीचा कांदा, आणि वीस मिनिटांत सगळ्यांची ताटं चाटूनपुसून साफ. त्यामुळे रक्ततपासणीच्या कागदावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं आणि डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रात्रीचा भात आधी कमी करा," तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तब्येत आली नाही. शुक्रवार आला.

"बाबा, मग फ्लॉवरचा कर ना," मुलगी म्हणाली. "किसायचा आणि भातासारखा परतायचा. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांच्या त्या कामाला मला सात आठवडे लागले.

पहिल्या शुक्रवारी तुरे सोडवले, धुतले, तसेच ओले मिक्सरच्या भांड्यात कोंबले आणि फिरवले. झाकण उघडलं तर वर सुपारीएवढे तुकडे जसेच्या तसे आणि पात्याखाली ओला गोळा. वरचं बारीक व्हावं म्हणून पुन्हा फिरवलं. वरचं बारीक झालं, खालच्याचं गंध झालं. ते सगळं एकदम कढईत ओतलं, भाजीला घालतो तसं मीठ भुरभुरलं आणि लवकर व्हावं म्हणून वर झाकण ठेवलं. आता लिहिताना दिसतंय की पायरीपायरीला एक चूक आहे. त्या दिवशी मात्र मला ती कृती वाटत होती.

झाकण काढलं तर चष्म्यावर वाफ. चष्मा पुसून पाहिलं तर कढईत पांढुरकं तळं आणि त्यात बसलेला रवाळ गाळ. घाबरून सोया सॉस जरा जास्तच घातला, तर त्याला पावसाळ्यातल्या डबक्याचा रंग आला. बाहेरून आईचा आवाज आला, "अरे, गॅस कुठे चालू राहिलाय का बघ रे!" गॅस चालू राहिला नव्हता, फ्लॉवर उकडत होता. मुलीनं दोन घास खाल्ले आणि शहाण्यासारखं बोलली, "चव फ्राइड राइसचीच आहे बाबा. फक्त चमच्यात राहत नाहीये."

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. ताळेबंद जुळला नाही की मला झोप येत नाही. रात्री बसून वाचलं, तेव्हा तूट कुठे आहे ते कळलं. फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो कीस कढईत टाकला, तर मी ४६० ग्रॅम पाणी टाकलं होतं, आणि त्याला जेमतेम ४० ग्रॅम भाजी चिकटलेली होती. भातातही पाणी असतंच, पण ते स्टार्चनं धरून ठेवलेलं असतं. भात गार झाला की तो स्टार्च पुन्हा घट्ट जुळून येतो आणि दाणा टणक, सुटा होतो. शिळा भात परतायला चांगला का, याचं उत्तर हे. फ्लॉवरमध्ये पाणी धरून ठेवणारा स्टार्च जवळजवळ नाहीच. पाणी पेशींमध्ये कोंडलेलं असतं. पातं लागलं, मीठ लागलं, उष्णतेनं पेशींच्या भिंती ढिल्या पडल्या, की ते बाहेर आलंच.

आणि कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, खाली कितीही आग लावा. परतल्याचा तो खमंगपणा, कडेला येणारा तांबूस रंग, हे सगळं १४० अंशांच्या आसपास सुरू होतं. मी परतत नव्हतोच, उकडत होतो. आईला आलेला वास त्याचाच. फ्लॉवर, कोबी ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्यात गंधक असलेली द्रव्यं असतात, आणि जितका वेळ शिजवाल तितका तो उग्र वास वाढतो. वर झाकण ठेवलं की मग विचारायलाच नको.

तेव्हा ठरलं की भांडण फ्लॉवरशी नाही, पाण्याशी आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, एक वही घातली. बायको म्हणाली, "घरखर्चाची वही कधी घातली नाहीस, फ्लॉवरची घातलीस."

दुसऱ्या आठवड्यात मिक्सर सोडून किसणी घेतली. तुरे धुऊन फडक्यावर तासभर पसरून कोरडे केले. फ्लॉवर देठाकडून धरायचा आणि पांढरी बाजू किसणीच्या मध्यम भोकांवर घासायची. फार जोर लावावा लागत नाही. तो पांढरा भाग म्हणजे न उमललेल्या फुलांच्या बारीक कोंबांचा दाट गुच्छ, त्यामुळे त्याचे दाणे आपोआपच सुटतात, भुरूभुरू पडतात. देठ मात्र दाणे देत नाही, धागे देतो. म्हणून देठापर्यंत आलं की थांबायचं. देठ टाकायचा नाही. वरची जाड साल सोलून त्याचे मिरीएवढे तुकडे करायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हाती उरलेल्या देठाची दया आली म्हणून केलं. पण पुढे त्या तुकड्यांनीच लाज राखली, कारण दाताखाली काहीतरी कुरकुरीत लागतं ते तेवढंच.

किसणीचे दोन तोटे. एक, ओटा, फरशी आणि माझा शर्ट यांच्यावर हलका हिमवर्षाव होतो. दुसरा, शेवटच्या तुऱ्याशी आपली बोटाची पेरं किसणीच्या फार जवळ येतात. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला त्या दिवशी पट्टी लागली. मिक्सरच वापरायचा असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, बटण सलग न दाबता पाच-सहा झटके द्या, आणि मोठे राहिलेले तुकडे वेगळे काढून पुन्हा फिरवा. सगळंच बारीक होईपर्यंत फिरवायचा मोह आवरता आला तर मिक्सरही वाईट नाही. मला आवरत नाही.

दाणे झकास पडले, पण पाणी होतंच तिथे. त्या आठवड्यातलं जेवण तळं नव्हतं, चिखल होता.

तिसऱ्या आठवड्यात पिळायचं ठरवलं. पंच्यात ५०० ग्रॅम कीस बांधला आणि बादलीतलं जाड कापड पिळावं तसा पिळला. वहीतली नोंद: निघालेलं पाणी ४० ग्रॅम. एवढी ताकद लावून चार चमचे! कारण साधं आहे. कच्च्या किसात किसणीनं फाटल्या तेवढ्याच पेशी रित्या होतात, बाकीच्या शाबूत असतात, आणि त्यांना माझ्या मनगटाची काही पडलेली नसते.

चौथ्या आठवड्यात म्हणून आधी मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटं शिजवून मग पिळलं. आता मात्र पाणी आलं, १३० ग्रॅम. तळहात भाजले ते वेगळं. गार होऊ द्यायचं असतं हे मला पंचा हातात घेतल्यावर सुचलं. कढईत पहिल्यांदाच तळं साचलं नाही, दाणे सुटे राहिले. मी खुशीत ताटं वाढली. एक घास घेतला आणि लाकडाचा भुसा आठवला. मग ओट्यावर राहिलेलं ते पिळलेलं पाणी चमच्यानं चाखून पाहिलं, तर फ्लॉवरचा गोडसर स्वाद तिथे जमा झालेला. चव मी मोरीत ओतायला काढली होती आणि चोथा जेवायला ठेवला होता. क जीवनसत्त्वही पाण्यात विरघळणारं असतं, तेव्हा त्यातलंही बरंच त्याच वाटेनं गेलं असणार. काही लोक ही रीत सांगतात आणि त्यांना ती आवडते. वेळ नसेल, सॉस भरपूर असेल तर चालूनही जाईल. मला नाही चालली.

पाचव्या आठवड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण घरात तो विषय अजून नाजूक आहे. शिळ्या भाताच्या धर्तीवर कीस ताटात पातळ पसरून रात्रभर फ्रीजमध्ये उघडा ठेवला. दाणे वरून छान कोरडे झाले, वजन ३५ ग्रॅम उतरलं. फ्रीजमधल्या दुधाला, लोण्याला आणि मुलीच्या वाढदिवसाच्या उरलेल्या केकला फ्लॉवरचा वास लागला.

सहाव्या आठवड्यात मूळ मुद्दा डोक्यात शिरला. पाणी काढायचं तर ते वाफ होऊनच गेलं पाहिजे, म्हणजे चव मागे राहते. पण वाफ करणं महाग काम आहे. खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या शेगडीची आच काही वाढत नाही. मग आपल्या हातात काय उरतं? एकावेळी कमी कीस, पसरट भांडं, आणि वर झाकण नाही. माझी खोलगट कढई त्या दिवशी निवृत्त झाली. तिच्या जागी मोठा, जाड बुडाचा पसरट तवा आला.

तवा आधी चांगला तापवायचा, धूर निघायच्या जरा अलीकडेपर्यंत. तेल एक चमचा. त्यावर निम्माच कीस, म्हणजे २५० ग्रॅम, बोटाच्या एका पेराहून जाड थर होणार नाही असा पसरायचा. मीठ नाही. आणि मग सगळ्यात अवघड भाग: हात मागे बांधून उभं राहायचं. सारखं उलथनं फिरवलं की तवा निवतो आणि ओलसर दाणे एकमेकांवर दाबले जातात. दोन मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा उलटायचं, पुन्हा दीड-दोन मिनिटं तसंच.

या वेळात डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात, हा माझा शोध. कीस पडल्या पडल्या मोठा 'चर्रर्र' होतो. मग तो आवाज बसतो आणि एक ओला, सूंऽऽ असा एकसुरी फुसकारा सुरू होतो. हे पाणी जातंय. तव्यावरून सरळ वर वाफेचा पडदा उभा राहतो. चारेक मिनिटांनी तो पडदा विरळ होतो आणि फुसकाऱ्यात मध्येच एखादी 'टिक' ऐकू येते. मग दोन, मग दहा, आणि शेवटी सगळा तवा बारीक तडतडायला लागतो. पाणी संपून तेल बोलायला लागलं की असा आवाज येतो. त्याच क्षणी वासही पालटतो. कोबीचा दर्प जातो आणि भाजलेल्या दाण्यांच्या जवळचा काहीतरी खमंग वास येतो. उलथन्यानं एक कोपरा उचलून पाहिला तर खालच्या दाण्यांना तांबूस टोकं आलेली होती. मी मुलीला हाक मारून ते दाखवलं. ती म्हणाली, "छान," आणि परत गेली. काही आनंद एकट्यानंच घ्यायचे असतात.

दोन्ही वेळचं मिळून वजन केलं: ५०० ग्रॅमचे ३४५ झाले होते. दीडशे ग्रॅमच्या वर पाणी गेलं, आणि दाणा मऊ पण सुटा. एवढं झाल्यावर मी तो ढीग ताटलीत झाकून ठेवला, सॉस आधीच ओतला आणि भाज्या परतायला गेलो. परत आलो तर खाली पाणी. झाकणाखाली वाफ कोंडली होती, सॉसमधल्या मिठानं आत उरलंसुरलं ओढून बाहेर काढलं होतं. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात मिशी गळून पडावी, तसं झालं.

सातव्या शुक्रवारी क्रम बदलला, आणि तोच क्रम आजवर चालू आहे. फ्लॉवर परतून ताटात उघडा, पसरून ठेवायचा. त्याच तव्यात थोडं तेल, चार अंडी फेटून ओतायची, अर्धवट जमली की मोठे तुकडे करून बाजूला. अंड्यात फ्लॉवर मिसळून परतायचं नाही, नाहीतर दाण्यांना अंड्याचं अस्तर लागतं आणि गिचका होतो. मग देठाचे तुकडे, आलं, लसूण, सिमला मिरची, फरसबी, गाजर, सगळं फ्लॉवरच्या दाण्याला शोभेल इतकं बारीक, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं. कोबी घालत नाही, आधीच एक नातेवाईक आत आहे. आता फ्लॉवर आणि अंडी परत तव्यात. वर मिरपूड, पातीचा कांदा. सोया सॉस शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आणि तोही दाण्यांवर नाही तर तव्याच्या उघड्या कडेवर. तिथे तो फसफसतो, त्यातलं पाणी उडतं आणि दाण्यांवर येतो तो आटलेला सॉस. व्हिनेगर दोन थेंब, तिळाचं तेल पाव चमचा गॅस बंद केल्यावर. वेगळं मीठ मी घालतच नाही. एका टेबलस्पून सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० च्या आत राहायला सांगते. साखर वाचवायला निघायचं आणि रक्तदाब घेऊन परत यायचं, असं नको.

ताटात घातल्यावर लगेच खायचा. थांबलात तर पाणी जिंकतं.

आता ज्यासाठी हा खटाटोप, तो हिशेब. माझं जुनं शुक्रवारचं ताट म्हणजे ३०० ग्रॅम शिजलेला भात: साधारण ८४ ग्रॅम कर्बोदकं, ३९० कॅलरी. तेवढाच कच्चा फ्लॉवर धरला तर १५ ग्रॅम कर्बोदकं, त्यातही ६ ग्रॅम तंतू, आणि ७५ कॅलरी. वहीत हे शेजारी शेजारी लिहिल्यावर मी इतका खूश झालो की सुरुवातीला तेल मोजेनासा झालो. दोन टेबलस्पून तेल म्हणजे २४० कॅलरी, ही ओळ बायकोनं तिच्या अक्षरात खाली लिहिली. शिवाय मटार आणि मक्याचे दाणे मूठ-मूठ घालत होतो. १०० ग्रॅम मटारात १४ ग्रॅम कर्बोदकं असतात, मक्यात १९. ते वर्ज्य नाहीत, पण भात काढून त्याच्या जागी मका भरायचा तर फ्लॉवर किसायचे कष्ट कशाला? टोमॅटो केचप आणि गोड तिखट सॉस यांच्यात साखर असतेच, बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा.

भुकेचं खरं सांगतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोट गच्च भरल्यासारखं वाटायचं आणि साडेदहाला मी अंधारात बिस्किटांचा डबा चाचपत असायचो. फ्लॉवर पोट भरतो, पण पोटात टिकत नाही. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. म्हणून अंडी चार झाली, कधी त्यांच्या जोडीला टोफू. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं येतात. तेव्हापासून डबा जागेवर आहे.

आईची गोष्ट वेगळी. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि मला वाटलं होतं की या ताटाची खरी मानकरी तीच. तिच्या डॉक्टरांना विचारलं ते बरं झालं. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस तोच ठेवून भात एकदम बंद केला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, आणि रात्रीची वेळ असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी तिला निम्मा भात, निम्मा फ्लॉवर असं सांगितलं आणि मीटरवर लक्ष ठेवायला लावलं. तिच्यासाठी वेगळं करताना कळलं की हे मिश्रण चवीला सगळ्यात सरस आहे. भाताचा दाणा चावायला मिळतो, फ्लॉवरचा खमंगपणा मिळतो, आणि कोण कुठला ते घासात ओळखू येत नाही. मी तिच्या ताटातला एक चमचा नेहमी उचलतो. ती वाटी जवळ ओढून घेते.

आणखी एक, जे कृतीत कुणी लिहीत नाही. एवढा फ्लॉवर एका वेळी पोटात गेला की वारा धरतो. निदान पहिले काही दिवस. माझ्या पोटानं महिन्याभरात जुळवून घेतलं, पण शनिवारी सकाळी महत्त्वाची बैठक असेल तर शुक्रवारी निम्मंच वाढून घ्या.

उरलेलं डब्यात नेण्याचा प्रयोग एकदाच केला. गरम भरून झाकण लावलं. दुपारी कचेरीत उघडलं तर झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते आणि पहिल्या शुक्रवारचं ते तळं माझ्याकडे पाहत होतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं डोकावून विचारलं, "सूप का आज?"

"हो," म्हटलं, आणि चमच्यानं प्यायलो.